मिनी ट्रॅक्टरचा पंखा तुटला: बदलायला तासभर, पण आधी तो कशाने तुटला ते शोधा

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका केळीवाल्या भाऊंचा आहे. बावीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर, सहा-सात वर्षं वापरलेला. केळीच्या दोन ओळींमधून रोटाव्हेटर मारत असताना पुढून ‘खट्ट’ असा आवाज आला, मग सगळं बोनेट थरथरायला लागलं आणि पाचेक मिनिटांत टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. उघडून पाहिलं तर पंख्याच्या सहा पात्यांपैकी एक बुडापासून गायब. पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाला, म्हणजे गॅरेजात ज्याला आपण काऊल म्हणतो त्याला, तडा. रेडिएटरवर ओरखडे आहेत, पण अजून गळत नाही. भाऊंच्याच शब्दांत सांगायचं तर, “पंखा तुटी गया भो, आते काय करू?” पुढे त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. पातं चिकटवता येईल का? नवा पंखा घरी बसवता येईल का? कारचा किंवा बॅटरीवरचा पंखा चालेल का? आणि रेडिएटरपुढची जाळी काढून टाकली तर इंजिन थंड राहील का?

मी सव्वीस वर्षं ट्रॅक्टरची कामं करतोय. त्यातली बरीचशी तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातली, बाकी कपाशीवाल्यांची. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, घरी बसवता येईल. दहा-बारा नंबरचे पाने, एक पक्कड, एक स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर एवढंच लागतं. पण नवा पंखा आणून चार बोल्ट कसले की काम झालं असं समजू नका. पंखा क्वचितच आपल्या मौतीने मरतो. बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेलं असतं, आणि तो मारणारा तिथेच शेजारी बसलेला असतो.

आता चिकटवण्याबद्दल. गॅरेज टाकलं त्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः हा उद्योग केलेला आहे. पेरणीचे दिवस, गिऱ्हाइकाची घाई, पार्ट मिळेना. तुटलेलं पातं जागेवर धरलं, तापवलेल्या तारेने टाके घातले, वरून एम-सील थापलं, रात्रभर वाळू दिलं. सकाळी पंखा इतका मजबूत दिसत होता की मलाच माझं कौतुक वाटलं. दुपारी चारला ट्रॅक्टर दोर बांधून ओढत परत आणला. पातं उडालं ते थेट रेडिएटरच्या नळ्यांत घुसलं होतं. पंख्याचे पैसे वाचवायला गेलो आणि रेडिएटर पदरचा भरून दिला.

त्यामागचा हिशोब मला नंतर समजला. तुमच्या ट्रॅक्टरवर पीटीओचे, म्हणजे रोटाव्हेटरसारखं औजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे मिळवायला इंजिन जवळजवळ पुऱ्या रेसवर ठेवावं लागतं, आणि पुलीच्या मापामुळे पंखा इंजिनपेक्षा थोडा जास्तच फिरतो. मिनिटाला ३००० फेरे धरा. पंख्याचा व्यास ३२ सेंटिमीटर असेल तर पात्याचं टोक सेकंदाला ५० मीटरने धावतं, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आणि पात्याचा नुसता २० ग्रॅमचा तुकडा केंद्रापासून १२ सेंटिमीटरवर असेल, तर तो २४ किलो वजन टांगल्यासारखा बाहेर ओढला जातो. सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढी ती ओढ! हे पंखे नायलॉन जातीच्या प्लास्टिकचे असतात आणि नायलॉनवर कुठलाही डिंक धड धरत नाही. चिकटवलेलं पातं उडालं आणि रेडिएटर वाचला तरी ते बोनेटच्या फटीतून बाहेर येऊ शकतं, आणि आपली पोरं ट्रॅक्टरच्या बाजूलाच उभी असतात. तेव्हा चिकटवायचं नाही. जुन्या ट्रॅक्टरांच्या पत्र्याच्या पंख्याला वेल्डिंगचा टाका मारतात, तेही नाही. टाक्याने एक बाजू जड होते आणि टाक्याच्या कडेलाच पुढची भेग पडते.

हेच २४ किलो दुसरीकडेही काम करतात. एक पातं गेलं की उरलेल्या पाच पात्यांचा तोल जातो, आणि तेवढी ओढ वॉटर पंपाच्या, म्हणजे ज्यावर पंखा बसतो आणि जो रेडिएटरचं पाणी फिरवतो त्या पंपाच्या, दांड्याला दर फेऱ्याला बसते. सेकंदाला पन्नास वेळा. भाऊ म्हणतात बोनेट थरथरत होतं, ते हेच. त्या पाच मिनिटांत पंपाच्या बेअरिंगने किती मार खाल्ला ते पाहिल्याशिवाय नवा पंखा चढवू नका.

इथूनच शोध सुरू करायचा. इंजिन पूर्ण थंड झालं की चावी काढून खिशात टाका, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. पात्याच्या टोकाला धरू नका, ते नुसतं वाकतं आणि फसवतं. पंखा मधोमध, बुडाजवळ दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे, वर-खाली हलवा. चांगल्या बेअरिंगमध्ये जाणवण्याजोगी हालचाल नसते. कटकट लागली, अगदी कागदाच्या जाडीएवढी, तरी बेअरिंग गेलं समजा. मग पंपाच्या पोटाखाली बोट फिरवा. तिथे एक बारीक भोक असतं. ते कंपनीने चुकून ठेवलेलं नसतं, आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर दिसावं म्हणून ठेवलेलं असतं. तिथून हिरवट किंवा तांबूस ओघळ आलेला असेल तर पंपाचे दिवस भरलेत. हे भोक गळतं म्हणून एम-सीलने बुजवलेले ट्रॅक्टर माझ्याकडे आलेले आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

पंप घट्ट निघाला तर संशय रेडिएटरवर. मिनी ट्रॅक्टरमध्ये सहसा इंजिन गिअरबॉक्सला आणि पुढच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटला थेट बोल्टने बांधलेलं असतं, ते हलत नाही. हलतो तो रेडिएटर. त्याच्या खाली रबरी गाद्या असतात आणि वर आधाराची एक दांडी. सहा-सात वर्षांत रबर चेपतं, तडकतं, कधी एखादी गादी गळूनही पडते. मग खड्ड्यात पुढचं चाक आपटलं की रेडिएटर मागे डुलतो, त्याच्यासोबत काऊल, आणि काऊलची कड फिरत्या पात्याला लागते. शिरपूरकडचे एक आप्पा होते. एका हंगामात त्यांनी दोन पंखे बदलले, दोन्ही मीच बसवले, आणि दोन्ही वेळा ‘पंख्याचा माल हलका आलाय’ असं मीच त्यांना ऐकवलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा कुठे मी रेडिएटरला हात लावून हलवून पाहिला. दात पडायला आलेल्या म्हाताऱ्यासारखा डुगडुगत होता. खालच्या दोन गाद्यांपैकी एक नव्हतीच. ती बसवली, पंखा पुढे कधी तुटला नाही. आप्पा मात्र अजून भेटले की ‘हलका माल’ काढतात.

तिसरा संशयित बाहेरचा माणूस, म्हणजे परकी वस्तू. केळीच्या बागेत वाळलेल्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, पट्टे वर उडतात, एखादा लांब पट्टा खालून आत शिरून दांड्याला गुंडाळला जातो. कपाशीच्या रानात पऱ्हाटीचं टोक. पावसाळ्यात महिनाभर ट्रॅक्टर उभा राहिला की उंदीर काऊलमध्ये घर करतो आणि पहिल्या स्टार्टला ते सगळं पंख्यात येतं. आणि बरेचदा आपलाच पाना. मागच्या सर्व्हिसला बेल्ट ताणताना हातातून निसटून काऊलमध्ये पडला, सापडला नाही, ‘असेल कुठेतरी’ म्हणून बोनेट लावलं. तुटलेलं पातं आणि जे काही आत गेलं होतं ते दोन्ही सापडेपर्यंत शोधा. तुकडे जमवून पात्याचं कोडं पूर्ण होतंय का पाहा. उरलेला तुकडा आतच राहिला तर नव्या पंख्याला तो पहिल्याच दिवशी भेटणार.

यापैकी काहीच सापडलं नाही तर वय. इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून प्लास्टिक ठिसूळ होतं. मोडलेल्या जागेचा रंग बघा. सगळीकडे एकसारखा स्वच्छ असेल तर फटका बसून एकदम तुटलंय. अर्धा भाग काळपट, मातीने माखलेला आणि अर्धा कोरा असेल तर भेग जुनी होती आणि उरलेलं त्या दिवशी गेलं. उरलेल्या पात्यांच्या बुडाशी नखाने ओढून पाहा, पांढरी रेघ दिसते का. दिसली तर त्या पंख्याचं पुढचं पातं कोणतं जाणार तेही तुम्हाला आजच कळलं.

आता खोलणं. इथे एक गंमत आहे जी न कळल्याने माणसं अर्धा तास घाम गाळतात. या ट्रॅक्टरांत पंखा आणि पुली बहुतेक त्याच चार बोल्टांनी पंपाच्या हबवर, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीवर, बसवलेले असतात. बेल्ट आधी सैल केला की बोल्ट फिरवताना पुली सोबत फिरते आणि पाना घुमतच राहतो. म्हणून उलट करा. बेल्ट ताणलेला असतानाच, एका हाताने बेल्ट दाबून धरून, चारही बोल्ट पाव-पाव आटा सैल करा. मगच अल्टरनेटरचा, म्हणजे आपल्या भाषेत डायनॅमोचा, पट्टीवरचा बोल्ट ढिला करून बेल्ट सोडा.

त्याच्याही आधी मात्र रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये एक जाड पुठ्ठा सरकवा. केळी भरायच्या खोक्याचा पुठ्ठा याला एक नंबर, चिवट असतो आणि आपल्याकडे कमी नाही. पंखा काढताना तो निसटून रेडिएटरवर पडतो, हात अडकून सरकतो, पाना घसरतो, आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर नुसतं नख लागलं तरी ते वाकतात. पुठ्ठा लावायला एक मिनिट लागतं, न लावल्याचा पश्चात्ताप बराच काळ पुरतो.

काही मॉडेलांत काऊलचे बोल्ट काढून ते मागे इंजिनकडे सरकवलं की पंखा वरून निघतो. काहींत जागाच नसते, रेडिएटर उचलावा लागतो. तसं असेल तर खालचा नळ उघडून पाणी स्वच्छ घमेल्यात काढा, वरचा-खालचा होज पाइप सोडवा, वरची दांडी आणि खालचे बोल्ट काढा. ट्रॅक्टर गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात भाजतो. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरलं की दाब जातो आणि ते एका दमात उसळून तोंडावर येतं. कूलंट काढलेलं घमेलं गुरांच्या, कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं.

पंखा काढताना त्याच्या आणि पुलीच्या मध्ये जाड चकती किंवा स्पेसर आहे का ते पाहा, कोणती बाजू पुढे होती त्यावर खडूने खूण करा. मोबाइलने फोटो काढलात तर उत्तमच. स्पेसर विसरून पंखा मागे बसवलेला मी पाहिलाय. पात्याची अर्धी रुंदी काऊलच्या आत आणि अर्धी बाहेर, अशी साधारण ठेवण असते. पंखा पूर्ण बाहेर राहिला की तो रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनजवळची गरम हवाच घुसळत बसतो.

दुकानात जाताना जुना पंखा पिशवीत घेऊनच जा आणि इंजिन नंबर लिहून न्या. ‘बावीस एचपीचा पंखा द्या’ म्हणून भागत नाही. एकाच ताकदीच्या दोन मॉडेलांत मधलं भोक, चार बोल्टांमधलं अंतर, पात्यांचा तिरपेपणा आणि खोली वेगळी असते. व्यास मोजताना तुटलेल्या पंख्यावर पट्टी आडवी टाकू नका. केंद्रापासून एका धड पात्याच्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. पाच किंवा सात पात्यांच्या पंख्यालाही हेच माप बरोबर येतं. व्यास मोठा आणला तर काऊलला घासणार, लहान आणला तर कडेने हवा उलटी फिरणार. पात्याच्या टोकापासून काऊलपर्यंत सगळीकडून बोटभर जागा हवी.

नवा पंखा म्हणजे निर्दोष असं धरून चालू नका. एक गुळगुळीत सळई आडवी धरा, पंखा मधल्या भोकातून त्यावर अडकवा आणि हलकेच फिरवून सोडा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. दुकानातच दुसरा मागा, दुकानदार वाकडं तोंड करेल, करू द्या.

बसवताना चारही बोल्ट हाताने पुरे आत जाऊ द्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने कसा. हे बहुधा सहा मिलिमीटरचे बोल्ट असतात, दहा नंबरचा पाना लागणारे, आणि त्यांना दहा न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. म्हणजे लहान पान्याने मनगटाच्या जोरावर, दंडाच्या नाही. आपल्याकडे ‘घट्ट’ म्हणजे पान्याला पाइप लावून, आणि त्याने पंख्याच्या मधल्या प्लास्टिकला भेग पडते. ती भेग आज दिसत नाही, पोळ्यापर्यंत दिसते. जुने स्प्रिंग वॉशर चपटे झाले असतील तर नवे घाला, रुपयाचा माल आहे.

बेल्ट अजून ढिला आहे तोवर एक तारेचा तुकडा काऊलला असा बांधा की त्याचं टोक एका पात्याच्या टोकाला टेकायला आलेलं असेल. पंखा हाताने सावकाश फिरवा आणि प्रत्येक पातं त्या तारेसमोरून कसं जातं ते बघा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे-मागे होत असेल तर हबच्या तोंडावर गंज किंवा मातीचा खडा अडकलाय, किंवा पंपाचा दांडा वाकलाय. खडा असेल तर पुसून सुटता. दांडा वाकला असेल तर पंप बदला. मग तार काढा, विसरू नका, आणि बेल्ट ताणा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण दहा मिलिमीटर खाली गेला की बरोबर. फार ताणला तर पंपाचं बेअरिंग खातो, ढिला ठेवला तर घसरतो आणि पंखा नुसता दिसायला फिरतो. बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा असतील तर आत्ताच नवा टाका, सगळं खोललेलंच आहे.

पंखा उलटा बसला तर हवा पुढे फेकेल असं पुष्कळ जण मानतात. तसं होत नाही. स्क्रूची आटी तो उलटा धरला तरी उलटी होत नाही, तसंच हे आहे. उलटा बसवलेला पंखाही हवा त्याच बाजूने ओढतो, पण पात्याचा बाक चुकीच्या बाजूला गेल्याने फार कमी ओढतो. म्हणून ही चूक सापडत नाही. ट्रॅक्टर चालतो, सकाळी बरा असतो, दुपारी तापतो, आणि दोष रेडिएटरला मिळतो. खात्री करायची असेल तर ट्रॅक्टर चालू झाल्यावर पुढच्या जाळीला वर्तमानपत्राचं पान लावा. ते चिकटून बसलं पाहिजे.

पाणी भरताना बोअरचं भरू नका. आपल्या पाण्यातला क्षार काय करतो ते मला सांगायची गरज नाही, ड्रिपच्या नळ्यांच्या तोंडावर तुम्ही तो रोज बघता आणि ॲसिड सोडून घालवता. रेडिएटरच्या नळ्या ड्रिपरइतक्याच चिडक्या असतात आणि तिथे ॲसिड सोडता येत नाही. कूलंट आणि बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं आणा. बर्फ कुठे पडतो आपल्याकडे, मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. ते गंज आणि क्षारापासून वाचवायला आणि उकळण्याची हद्द वर न्यायला आहे. सावकाश ओता, वरचा होज मधूनमधून हाताने दाबा म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येईल.

पहिल्यांदा चालू करताना गळ्यातलं उपरणं काढून ठेवा, बाह्या वर करा आणि पंख्याच्या रेषेत उभे राहू नका. काही उडालंच तर ते पुढे-मागे नाही, बाजूला उडतं. म्हणून सीटवर बसा किंवा ट्रॅक्टरच्या थेट पुढे थोडं लांब उभे राहा. पाचेक मिनिटं कमी रेसवर, रेडिएटरचं झाकण थंड असल्यापासून उघडंच ठेवून. वरचा होज आधी गारच राहील आणि मग एकदम तापेल, तो थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडल्याचा क्षण, पाणी ८२ अंशांच्या आसपास पोचल्यावरचा. पाण्याची पातळी खाली गेली तर भरून झाकण लावा आणि मग हळूहळू रेस वाढवा. झाकण लावण्याआधी पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्या तापलेल्या पाच मिनिटांत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय. तिथे मात्र घरगुती काम थांबवा.

पार्ट यायला चार दिवस लागणार असतील आणि ट्रॅक्टर रानातच अडकला असेल तर एक आडवाट आहे, फक्त घरापर्यंत आणण्यापुरती. तुमचा पंखा सहा पात्यांचा आहे. तुटलेल्या पात्याच्या बरोबर समोरचं पातं करवतीच्या पातीने तेवढंच, बुडापासून कापा. चार पाती उरतात, हवा कमी मिळते, पण तोल परत येतो. मग औजार सोडून, रोटाव्हेटर बंद, १५०० फेऱ्यांच्या आत, पहाटेच्या गारव्यात घरी आणा आणि काट्यावर नजर ठेवा. वेग निम्मा झाला की ती ओढ चौथाई होते, हे २४ किलोंचे ६ किलो झाले. पाच किंवा सात पात्यांच्या पंख्याला बरोबर समोरचं पातंच नसतं, तिथे हा उपाय लागू नाही. आणि असा कापलेला पंखा ‘चालतोय ना’ म्हणून हंगामभर ठेवू नका. काहींनी ठेवलाय, मला माहीत आहे.

का नाही चालणार ते सांगतो. डिझेल जळून जी ताकद तयार होते तिचा साधारण तिसरा हिस्साच औजाराला मिळतो. तेवढीच उष्णता धुराबरोबर जाते आणि जवळजवळ तेवढीच पाण्याला मिळते. बावीस एचपी म्हणजे सोळा किलोवॅट. भरल्या लोडवर तुमचा रेडिएटर दहा-पंधरा किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, घरातल्या दोन किलोवॅटच्या गिझरसारखे पाच ते सात गिझर एकदम चालू असल्यासारखी. कार रस्त्यावर धावताना वारा आपोआप लागतो. रोटाव्हेटर मारताना तुम्ही ताशी दोन-तीन किलोमीटरने चालता, वारा कसला. सगळा भार पंख्यावर. त्यात आपला मे महिना. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १५ अंश असताना ९० अंशांच्या पाण्याला ७५ अंशांची उतरंड मिळते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर गेला की तीच उतरंड ४५ राहते, म्हणजे तोच रेडिएटर थंडीतल्या कामाच्या साठ टक्केच काम करतो. हिवाळ्यात चार पात्यांवर निभावलेला ट्रॅक्टर उन्हाळ्यात भरल्या बागेत धोका देतो तो यामुळे.

याच हिशोबात तिसरा प्रश्न सुटतो. बॅटरीवर चालणारा कारचा पंखा बारा व्होल्टवर दहा-पंधरा अँपिअर सहज खातो. मिनी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर लहान असतो, त्यावर दिवे, हॉर्न आणि बॅटरी भरणं एवढाच भार धरलेला असतो. दोन दिवस छान चालेल, तिसऱ्या दिवशी स्टार्टर टिक-टिक करेल. दुसऱ्या गाडीचा बेल्टवर चालणारा पंखा भोकं पाडून बसवणं तर नकोच. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं की तोल गेला. आणि प्लास्टिकच्या जागी पत्र्याचा पंखा ‘दणकट’ म्हणून लावणारे पंपाचं बेअरिंग वरचेवर बदलतात.

रेडिएटरचे ओरखडे म्हणाल तर पापुद्रे वाकले असतील ते जुन्या कंगव्याच्या दात्यांनी हलक्या हाताने सरळ करा. नळीला खरचटलं असेल तर पाणी भरून, रात्रभर खाली कोरा कागद पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर रेडिएटरवाल्याकडे. पितळी रेडिएटर झाळून मिळतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर झाळकाम टिकत नाही. काऊलचा तडा मात्र घरी सांधता येतो, कारण ते फिरत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे तो पुढे पळणार नाही, आणि बाहेरून पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून बसवा. रिव्हेटचं डोकं आत, पंख्याच्या बाजूला, वर येऊ देऊ नका.

राहिली जाळी. ती काढून टाकली तर पहिले दोन दिवस काटा खरंच खाली राहील, आणि म्हणूनच लोक फसतात. नंतर कपाशीच्या रानातले तंतू, केळीच्या पानांचा भुगा आणि रोटाव्हेटरची धूळ थेट रेडिएटरच्या पापुद्र्यांत जाऊन बसते, आणि तिथून ती काढणं जाळी झटकण्याइतकं सोपं नाही. जाळी राहू द्या. दुपारी भाकरीला बसण्याआधी बोनेट उघडून ती ओढून काढा, बांधावर उलटी आपटा आणि परत सरकवा. रेडिएटर धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, ज्या वाटेने घाण आत आली त्याच वाटेने बाहेर जाऊ द्या, आणि सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर गनने मारू नका. पापुद्रे आडवे झाले की तिथून हवा जात नाही, मग पंखा कितीही नवा असो.

पंप, गाद्या आणि पंख्याचे बोल्ट पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर, इंजिन थंड झाल्यावर, पुन्हा एकदा हाताने तपासा. जुना पंखा फेकू नका. घराच्या आढ्याला टांगून ठेवा, पुढच्या वेळी मापाला कामी येतो.